मास्तरांच्या घरचा दिवा

शुक्रवारी जुना सर्व्हर कायमचा बंद होणार असं ठरलं, तेव्हा बिल्डताईच्या मनात पहिली गोष्ट आली ती मास्तरांच्या दिव्याची. त्या सर्व्हरवर आणखी काय काय चालतं, कोणाकोणाला कळवायला हवं, हे सगळं मागाहून. आधी दिवा. सर्व्हर बंद झाला की मास्तरांच्या घरचा दिवा विझणार, आणि काही झालं तरी मास्तरांना तो विझलेला दिसता कामा नये, हे तिने बसल्या जागी ठरवून टाकलं.

आता बिल्ड म्हणजे काय आणि त्याचा दिवा कसला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर गोष्ट अर्ध्यावर आली की कोणीतरी विचारणारच. ही कंपनी लिफ्टचं सॉफ्टवेअर लिहिते. लिफ्ट कुठे थांबवायची, दार कधी उघडायचं, दोन मजल्यांवरून एकदम बटण दाबलं तर आधी कोणाकडे जायचं, हे ठरवणारा प्रोग्राम. त्यातली एक ओळ जरी कोणी बदलली तरी सगळा प्रोग्राम नव्याने बांधायचा, त्याच्या ढीगभर तपासण्या घ्यायच्या, आणि शेवटी मागच्या खोलीत जी कपाटाएवढी चाचणीची लिफ्ट उभी आहे तिच्यावर तो चालवून बघायचा. एक पायरी पार पडली की पुढची. या सगळ्या पायऱ्या मिळून झालं बिल्ड. सगळ्या पार पडल्या तर बिल्ड हिरवं, मध्ये कुठे अडकलं तर लाल. हे सगळं सांभाळणारी ती बिल्डताई. तिला दुसरंही एक नाव आहे, पण ऑफिसात त्या नावाने हाक मारली तर ती स्वतःही वळून बघणार नाही.

पूर्वी हे लाल-हिरवं स्क्रीनवर नसायचं. भिंतीवर असायचं. ती कल्पना मास्तरांची. मास्तर म्हणजे त्या वेळचे टीमचे मुख्य. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं, पण कोणी काही चुकीचं बोललं की चष्मा नाकावर आणून वरून असे बघायचे की समोरच्याला आपोआप गृहपाठ आठवायचा. त्यांनी एकदा घरून काचेची एक मोठी बरणी आणली, ती उलटी केली, आत एक लाल आणि एक हिरवा असे दोन बल्ब बसवले, आणि सर्व्हरला विचारून त्यातला एक लावणारं छोटं सर्किट मागे चिकटवून सगळं प्रकरण भिंतीवर ठोकलं. ती बरणी त्यांच्या बायकोच्या स्वयंपाकघरातल्या जोडीतली होती. वहिनींना हे कळलं तेव्हा बरणीला भोक पडून गेलं होतं. "जोडी फोडली माझी," असं त्या पुढची कित्येक वर्षं, ऑफिसातलं कोणीही भेटलं की, नमस्काराच्या जागी म्हणायच्या.

दिवा लाल झाला की काय करायचं, याची एक रीत पडून गेली होती. हातातलं काम टाकायचं, उठायचं नाही, बसल्या खुर्चीला पायाने रेटा द्यायचा आणि चाकांवरून घरंगळत दिव्याखाली यायचं. सगळ्यांनी. ज्याचा त्या बदलाशी काडीचा संबंध नाही त्यानेही. फरशीवर चाकांचे पट्टे उमटले होते, सगळे त्या एका भिंतीकडे जाणारे. घोळका जमला की मास्तर एकच प्रश्न विचारायचे, "घोडं कुठे अडलंय?" कोणी मोडलं, हा प्रश्न त्या खोलीत चालत नसे. एकदा वरच्या मजल्यावरून आलेल्या एका साहेबांनी तो विचारला, तर मास्तर म्हणाले, "साहेब, तो शोध पोलीस घेतात. आम्ही दुरुस्ती करतो." साहेब गोरेमोरे झाले, आणि मग त्यांनीही एक खुर्ची ओढली. करतात काय.

बिल्डताई नोकरीला लागली त्याच आठवड्यात तिने बिल्ड मोडलं. दिवा लाल झाला. चारी बाजूंनी खुर्च्या गडगडत यायला लागल्या, तसं तिला वाटलं, झालं, आता आपली वरात निघणार. ती उभी राहून म्हणाली, "मी मोडलं. माझ्याकडून झालं." मास्तरांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. म्हणाले, "कोणी, हे विचारलंय का कुणी? बस खाली. खुर्ची कुठेय तुझी? ती आण आधी. आणि घोडं कुठे अडलंय ते सांग." तिची खुर्ची तिने तशीच जागेवर सोडली होती, ती कोणीतरी ढकलत आणून दिली. त्या दिवशी ती रडली नाही ती नाहीच, पण पुढे खूप वर्षांनी हे सांगताना मात्र तिचे डोळे दर वेळी भरून यायचे.

आणि ते थांबणं. हल्लीच्या लोकांना ते सांगूनही कळायचं नाही. दुरुस्ती केली की बिल्ड पुन्हा सुरू करायचं आणि ते संपेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं. मशीन जुनी, बिल्ड गोगलगायीच्या चालीचं. मग दिव्याखाली चहा यायचा. भांडणं मिटायची, नवी सुरू व्हायची. एकाने त्या थांबण्यात विणकाम शिकून सगळ्यांच्या पोरांना टोपडी विणून घातली. दोघांचं तर लग्नच जमलं, आणि तेही असं की सगळ्यांना कळलं होतं, त्या दोघांनाच उशिरा कळलं. मास्तर तेवढ्यात बिल्डताईला कोपऱ्यातल्या फळ्यापाशी न्यायचे आणि लिफ्टचं दार उघडण्याआधी प्रोग्रामने कितीदा विचार करायला हवा, ते समजावून सांगायचे. तिला जे काही येतं ते तिने त्या थांबण्यात उचललं. दिवा हिरवा झाला की सगळे पुन्हा पाय रेटून आपापल्या जागी जायचे, आणि दर वेळी कोणीतरी हळहळायचं की बिल्ड एवढ्यात कसं झालं.

मास्तर निवृत्त झाले तेव्हा कंपनी देते ते घड्याळ टीमने परत पाठवलं. बिल्डताई चोरासारखी वहिनींकडे गेली आणि जोडीतली दुसरी बरणी मागून आणली. वहिनींनी कपाळावर हात मारला, पण बरणी पुसून दिली. तिचा दुसरा दिवा झाला, आणि तो मास्तरांच्या घरी, त्यांच्या खिडकीशेजारच्या भिंतीवर लागला. ऑफिसातलं बिल्ड लाल झालं की घरी मास्तरांचा दिवा लाल. मग मास्तरांचा फोन यायचाच. "काय गं, घोडं कुठे अडलंय?" फोन स्पीकरवर टाकायचा आणि एका रिकाम्या खुर्चीवर ठेवून ती खुर्ची दिव्याखाली ढकलायची. मास्तर आले, असंच सगळे म्हणायचे.

मग काय झालं? काहीच झालं नाही, तेच तर. ऑफिस नव्या इमारतीत गेलं. नव्या इमारतीत भिंती काचेच्या, खिळा ठोकायची सोय नाही, म्हणून ऑफिसचा दिवा एका खोक्यात गेला आणि खोकं कपाटावर. अर्धे लोक घरूनच काम करायला लागले. जुनी माणसं एकेक करून पांगली. मास्तरांचे फोनही हळूहळू थांबले. बिल्डताईच्या मनात यायचं, मास्तर थकले असतील, आपण का उगाच त्रास द्यायचा. एकदा वहिनींशी बोलणं झालं, त्या म्हणाल्या, सगळं ठीक आहे, गुडघा बोलतो अधूनमधून. सगळं ठीक आहे म्हटल्यावर तिलाही बरं वाटलं. त्या बरं वाटण्यावर तिने कैक वर्षं काढली. जायचं, जायचं, असं मात्र दर महिन्याला घोकत होती.

आणि मग आले एजंट. एजंट म्हणजे विम्याचे नव्हेत. हे स्वतःच कोड लिहिणारे प्रोग्राम. बसत नाहीत, उठत नाहीत, चहा पीत नाहीत. काम सांगितलं की बदल करतात, बिल्डला पाठवतात, झालं की पुढच्या कामाला लागतात. पण त्यांना डोळे नाहीत. भिंतीवर दिवा लावला तरी उपयोग काय? त्यांना विचारायला एक खिडकी लागते: माझा बदल कुठवर आला, पास झाला का, नापास झाला तर कुठल्या पायरीवर आणि का. ही खिडकी बांधायचं काम बिल्डताईकडे आलं. तिने ती महिनाभर खपून बांधली आणि नाव ठेवलं 'चौकशी'. एजंट विचारायचा, चौकशी सांगायची: पास, नापास, किंवा चालू आहे. नापास असेल तर लिफ्टचं दार कुठल्या तपासणीत अडकलं, तेही. सरळ, साधं काम. नव्या सर्व्हरवर तर फक्त चौकशीच राहणार होती, जुनी सगळी दारं बंद.

म्हणूनच मास्तरांच्या दिव्याची काळजी. त्यालाही आता चौकशीलाच विचारायला लावायचं, म्हणजे त्याचं सर्किट बदलायला हवं. तिने नवीन सर्किट तयार केलं आणि परवानगी मागायला मॅनेजरकडे गेली. मॅनेजर तिच्यापेक्षा बराच लहान, मनाने चांगला, पण नियमावर बोट ठेवून चालणारा.

"ताई, चौकशीला फक्त एजंट विचारू शकतात," तो म्हणाला. "बाहेरच्या दिव्याला कशी परवानगी देऊ?"

"मग दिव्याला एजंट कर."

त्याने तिच्याकडे बघितलं. ती हसत नव्हती.

"नोंद करताना एजंटचं काम लिहावं लागतं," तो म्हणाला. "दिव्याचं काय काम लिहू?"

"लिही, बघणे."

त्याने खरंच तसं लिहिलं. या मुलाचं पुढे बरं होईल, असं तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

शुक्रवारच्या आधी दोन दिवस एजंटांनी घोळ घातला. म्हणजे दिसायला तरी त्यांनीच घातला. सकाळी बिल्डताई ऑफिसात आली तर मागच्या खोलीत चाचणीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेली, आणि दार सताड उघडं. बिल्ड लाल. आणि त्या लाल बिल्डवर एजंटांनी एकावर एक चार बदल आणून ठेवलेले, जणू काही घडलंच नाही. मॅनेजर कपाळाला आठ्या घालून उभा.

"एजंट वेडा झालाय," तो म्हणाला. "बिल्ड मोडलेलं दिसत असताना हा पुढे गेलाच कसा?"

तिने एजंटलाच विचारलं. त्याचं उत्तर स्क्रीनवर आलं, नेहमीसारखं नम्र: 'मी प्रत्येक बदलाआधी चौकशीला विचारलं. चौकशीने प्रत्येक वेळी पास सांगितलं.'

तिने तपासलं, तर खरंच तसं होतं. सर्व्हर बदलायची तयारी म्हणून कोणीतरी पहाटेच जुन्या सर्व्हरची नेटवर्कची तार काढली होती आणि बऱ्याच वेळाने पुन्हा लावली होती. मधल्या वेळात चौकशीला सर्व्हरकडून काही उत्तरच मिळत नव्हतं. आणि उत्तर मिळालं नाही की चौकशी काय करत होती? शेवटचं जे माहीत असेल तेच पुन्हा सांगत होती. शेवटचं होतं पास. म्हणून पास, पास, पास.

"एजंटचं काही चुकलं नाही," ती मॅनेजरला म्हणाली. "चौकशी चुकली. आणि चौकशी मी लिहिलीये."

ती ओळ शोधायला तिला वेळ लागला नाही. उत्तर आलं नाही तर शेवटचा रंग तसाच ठेव. ही ओळ तिला पाठ होती, कारण ती मास्तरांनी आणि तिने मिळून लिहिली होती, पहिल्या बरणीच्या दिव्यासाठी. जुन्या ऑफिसातलं नेटवर्क सारखं रुसायचं, आणि ते रुसलं की दिवा लुकलुकायचा, त्याने सगळ्यांची डोकी दुखायची. म्हणून ठरलं, सर्व्हर गप्प बसला तर दिव्याने आहे तो रंग धरून ठेवायचा. त्या ओळीने कधी कोणाचं नुकसान केलं नाही. दिवा चुकीचं सांगत असेल तर खोलीतलं कोणी ना कोणी म्हणायचंच, "अहो, तो दिवा झोपलाय, हलवा जरा." चौकशी बांधताना तिने ती ओळ जशीच्या तशी उचलून आणली होती. सवयीने. मनात आलंही नाही की एजंट काही त्या खोलीत बसलेले नाहीत.

तिने ओळ खोडली आणि चौकशीला चौथं उत्तर शिकवलं: माहीत नाही. सर्व्हर गप्प असेल तर सरळ सांगायचं की मला कळत नाहीये, अंदाजाने पुढे जाऊ नका. दिव्याच्या नव्या सर्किटमध्येही तिने तेच घातलं. माहीत नसेल तर दोन्ही बल्ब एकदम लावायचे.

आणि तिथे तिचा हात थांबला. मास्तरांच्या घरच्या दिव्यातही तीच जुनी ओळ होती.

ऑफिस नव्या इमारतीत आलं तेव्हा सर्व्हरचा पत्ता बदलला होता. बदलला कोणी? तिनेच. नवा पत्ता मास्तरांच्या दिव्याला कळवला का कोणी? ती आठवत राहिली. कोणी गेलं होतं का त्यांच्याकडे? कोणीच नाही. आणि मास्तरांचे फोन थांबले ते कधी? शुक्रवारी दिवा विझेल म्हणून ती जिवाचा आटापिटा करत होती, आणि दिवा कदाचित केव्हाच गेला होता. हिरवा रंग धरून.

ती उठली. लॅपटॉप आणि सर्किट पिशवीत टाकलं.

"ताई, बिल्ड लाल आहे अजून," मॅनेजर म्हणाला.

"मला माहीत आहे. राहू दे लाल. एजंटांना शोधू दे, मीही तिकडून बघते."

मास्तरांचं घर बसने तसं जवळच. एवढं जवळ, की तिला स्वतःचीच लाज वाटली. त्यांच्या इमारतीची लिफ्ट दुसऱ्या कंपनीची होती आणि दार उघडायला फार वेळ लावायची. पूर्वी मास्तर येता-जाता त्या लिफ्टला नावं ठेवायचे. दार वहिनींनी उघडलं. केस पांढरे झाले होते, बाकी त्याच. बिल्डताईला त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "आता घरात एकही बरणी उरलेली नाही हो, आधीच सांगते."

बिल्डताईला हसूही आलं आणि रडूही. "बरणी नको वहिनी. मास्तर आहेत?"

"जातायत कुठे. गुडघ्याने पार बसवलंय. जा आत."

मास्तर खिडकीपाशी पलंगावर टेकून बसले होते. वाळले होते. चष्मा मात्र तसाच नाकाच्या शेंड्यावर. त्यांच्या समोर, भिंतीवर, स्वच्छ पुसलेल्या बरणीत हिरवा दिवा जळत होता. बिल्डताई ऑफिसातून निघताना जे बिल्ड लाल सोडून आली होती, त्याचा हिरवा दिवा.

"ये," मास्तर म्हणाले. "वाट चुकलीस?"

ती पलंगाच्या कडेला बसली. इकडचं तिकडचं विचारायला हवं होतं, पण तिला ते जमेना. "मास्तर, हा दिवा..."

"मेलाय," मास्तर म्हणाले. "ठाऊक आहे."

"कधी कळलं तुम्हाला?"

"अगं, पहिले काही दिवस बरं वाटलं, की चला, पोरं सुधारली. मग महिना गेला, दोन गेले. एकदाही लाल नाही. एवढी शहाणी पोरं तर मी शिकवली नव्हती." ते जरा हसले. "म्हटलं, दिवा गेला."

"मग फोन का नाही केलात? एका फोनवर मी पळत आले असते."

मास्तरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले. तो पुसायला मुळीच नको होता.

"मला वाटलं, तुम्हीच तोडला असेल," ते म्हणाले. "म्हाताऱ्याची लुडबुड नको, पण तोंडावर कसं सांगायचं, म्हणून गुपचूप तोडला असेल. तसं असेल तर तसं. पण विचारून तुझ्या तोंडून ऐकायचा धीर नाही झाला गं. नाही विचारलं, तर निदान हिरवा तरी दिसत होता."

बिल्डताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिने ते पुसलंही नाही. "कोणी तोडला नाही, मास्तर. पत्ता बदलला आणि दिव्याला सांगायचं राहून गेलं. एवढंच झालं. शप्पथ."

"राहून गेलं," मास्तर म्हणाले. त्यांनी ते दोनदा म्हटलं, जणू चव घेऊन बघतायत. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला हसू म्हणावं की काय म्हणावं. "राहून गेलं होय. मग ठीक आहे. तसं काय, माझंही पुष्कळ राहून जायचं."

तिने दिवा भिंतीवरून उतरवला. ती बरणी सोडवत होती, आणि वहिनी दारातून, "जपून, ती जोडीतली शेवटची आहे," असं म्हणत होत्या. तिने जुनं सर्किट काढलं, नवीन बसवलं, आणि दिवा परत टांगून वायर लावली.

दोन्ही बल्ब एकदम पेटले. लालही, हिरवाही.

"हे काय नवीन?" मास्तर पुढे वाकले.

"माहीत नाही, असं म्हणतोय तो. अजून ऑफिसशी बोलणं झालेलं नाही ना त्याचं. आजच शिकवलं."

मास्तर त्या दोन रंगांकडे बघत राहिले. "हे आपण तेव्हाच का नाही शिकवलं त्याला?"

"तेव्हा आपण सगळे एका खोलीत होतो, मास्तर."

खिडकीतून खालच्या रस्त्यावरचा आवाज तेवढा येत राहिला. मग हिरवा बल्ब विझला. लाल एकटा राहिला, ठसठशीत, आणि खोलीची ती बाजू तांबूस होऊन गेली.

मास्तरांनी पलंगाच्या कडेला हात रोवले. वहिनी म्हणाल्या, "अहो, गुडघा," पण तोवर ते उभे राहिले होते. कोपऱ्यात एक लाकडी खुर्ची होती. चाकं नाहीत, काही नाही. ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली आणि खरर्‌ आवाज करत फरशीवरून ओढत दिव्याखाली आणली. वाटेत एकदा थांबले, दम घेतला. बिल्डताई मदतीला उठली नाही. तिने दुसरी खुर्ची घेतली आणि तीही ओढत, तेवढाच आवाज करत, त्यांच्या शेजारी नेली.

"अहो, फरशीवर ओरखडे पडतील," वहिनी म्हणाल्या. वहिनींच्या घरात खुर्ची जागची हलली तर ती परत जागेवर गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, हे सगळ्या टीमला माहीत होतं.

मास्तर खुर्चीत बसले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि वरून तिच्याकडे बघितलं. "हं," ते म्हणाले. "घोडं कुठे अडलंय?"

तिने लॅपटॉप उघडला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबते आणि दार उघडं राहतं, हे सांगितलं. मास्तरांनी मान डोलावली आणि छातीठोकपणे सांगितलं की दाराच्या सेन्सरकडे बघ, दुसरीकडे असूच शकत नाही. तिने बघितलं. तिथे काही नव्हतं. मास्तरांचा दुसरा अंदाजही साफ चुकला आणि तिसरा तर ऐकून एजंटलाही हसू आलं असतं. पण ते काय खुलले होते. हातवारे करून बोलत होते, हवेत फळा असल्यासारखं बोट फिरवत होते. वहिनींनी चहा आणला, तो तिथेच दिव्याखाली आला, आणि एक घोट घेऊन बिल्डताईला वाटलं की हा चहा आपण किती वर्षांनी पितोय. तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला. त्याला वाटत होतं, वजन मोजणाऱ्या भागात काहीतरी आहे. तिने फोन स्पीकरवर टाकला आणि तिसरी खुर्ची शोधायला इकडेतिकडे बघितलं. वहिनींनी स्वयंपाकघरातून स्टूल आणून ठेवलं. त्यावर फोन ठेवला.

"कोण आहे हा?" मास्तरांनी विचारलं.

"आमचा मॅनेजर."

"बस रे," मास्तर फोनला म्हणाले. "सांग, काय दिसतंय तुला?"

शेवटी सापडलं ते एजंटलाच, वजनाच्या भागात. मॅनेजरने बोट दाखवलं होतं त्याच्या जरा खाली. दुरुस्ती गेली, बिल्ड सुरू झालं. आता बिल्डला पूर्वीसारखा वेळ लागत नाही. चहा संपायच्या आत चौकशीचं उत्तर आलं आणि बरणीतला लाल जाऊन हिरवा लागला.

मास्तर हिरव्याकडे बघत राहिले. हातवारे थांबले. ते पुन्हा तसेच, पलंगावर होते तसे, लहान दिसायला लागले.

"झालं?" ते म्हणाले. "एवढ्यात?"

"झालं. पण मास्तर, उद्या परत मोडणार."

"नक्की?"

"चार-पाच एजंट दिवसभर कोड लिहितायत. मोडल्याशिवाय राहतंय का? परवाही मोडेल. तुम्ही फक्त फोन करायचा. नाही केलात तर मी करीन. आणि नाहीच उचललात तर येऊन बसेन."

"बघ हं," मास्तर म्हणाले. "मी बघणार आहे. माझं काय दुसरं काम."

"तुमच्या दिव्याचं तेच काम लिहिलंय रजिस्टरवर," ती म्हणाली, आणि मग तिला त्यांना ते सगळं सांगावं लागलं, एजंट, परवानगी, मॅनेजर. मास्तर एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

ती निघाली तेव्हा उन्हं कलत होती. दारापाशी वहिनींनी तिचा हात जरा वेळ हातात धरून ठेवला. बरणीचं नावही काढलं नाही. जिन्याशी जाऊन तिने एकदा वळून बघितलं. उघड्या दारातून आतली खोली दिसत होती. वहिनी कपबश्या उचलत होत्या. भिंतीवर हिरवा दिवा, त्याच्याखाली दोन खुर्च्या आणि एक स्टूल, वाकडेतिकडे. वहिनी खुर्च्यांपाशी आल्या, एका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून क्षणभर थांबल्या, आणि त्या तशाच ठेवून चहाचे कप घेऊन आत गेल्या.